खिरापतीच्या डब्यातला एक लाडू

मला हलवू नका. आजवर ज्याने त्याने मला कानाशी धरून हलवलं आणि आत काय आहे ते माझ्या आवाजावरून ओळखलं. आज मी आपणहून बोलणार आहे. मी वरवट बकालच्या गीताबाईंचा पितळी डबा. झाकण दाबून बसवायचं, पोट गोल, आणि एका कुशीला पोचा. त्या पोच्याचं पुढे येईलच.

खामगावच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. गीताबाईंच्या वडिलांनी लेकीच्या रुखवतात मांडायला मला घेतलं. ती नवी नवरी बैलगाडीतून या गावात आली तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो. सासूबाईंनी आधी मला खाली उतरवून घेतलं आणि मग सुनेला, असं गीताबाई अजूनही हसून सांगतात.

गीताबाईंचं घर उपासतापासांचं. श्रावणातले सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, चतुर्थी, एकादशी. मी रिकामा असा कधी राहिलोच नाही. राजगिऱ्याच्या वड्या, शेंगदाण्याचे लाडू, तळणीचे मोदक, सगळं माझ्या पोटात ठेवून मग देवापुढे. त्यांचे यजमान रामराव त्यांना चिडवतात, "आपल्या घरी कॅलेंडर लागत नाई. डब्बा उघडला का आज कोनता वार हाय थे समजते." गीताबाई त्यावर त्यांच्या ताटात एक वडी जास्त टाकतात.

पण माझे खरे मानाचे दिवस भुलाबाईचे. भादव्याच्या पौर्णिमेला मातीच्या भुलाबाई-भुलोजी, म्हणजे पार्वती-महादेव, घरात बसतात आणि कोजागरीपर्यंत रोज संध्याकाळी आळीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी झाली की खिरापत. ती अशी सहजासहजी हातावर पडत नाही. घरची बाई बंद डबा पोरींपुढे हलवते आणि त्यांनी ओळखायचं: गोड की खारं, लाडू की चिवडा. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही. जी ओळखेल तिला पहिला वाटा. गीताबाईंना दोन्ही मुलगेच, तेही आता पुण्याकडे. तरी भुलाबाई त्यांच्याकडे बसते. आळीतल्या पोरी त्यांच्याच.

शेजारचा भागवत लहानपणी या पोरींच्या मागे मागे खिरापतीसाठी यायचा. त्याचा कान भारी तयार. फुटाणे उड्या मारतात, लाडू लोळतात, वड्या एकमेकींना चिकटून बसतात, हे त्याने माझ्याकडूनच शिकून घेतलं. गीताबाई कधी आत फडकं कोंबायच्या, आवाज येऊ नये म्हणून. तरी हा ओळखायचाच. एकदा माझं झाकण निघेना, तर याने मला सरळ पायरीवर आपटलं. हाच तो पोचा. गीताबाईंनी त्याचा कान धरला आणि मग दोन लाडू दिले.

तो भागवत मोठा झाला. पूनमशी लग्न झालं, प्रतीक्षा जन्मली. लेकीला खांद्यावर बसवून तो भुलाबाईला यायला लागला. आणि दर वर्षी त्याची एक थट्टा ठरलेली. मला हलवायचा, डोळे मिटायचा, खिरापत बरोबर ओळखायचा आणि मग भुवया चढवून म्हणायचा, "पन एक कमी वाजते. कोनं खाल्ला व?" प्रतीक्षा दोन्ही तळवे उघडे करून दाखवायची. मी नाई, मी नाई. सगळ्या पोरी हसायच्या, आणि सगळ्यात जास्त हसायची डिंपल, तिची मैत्रीण. दोघींचं सगळं जोडीनं. एक टिपरी हिची, एक तिची.

मागच्या उन्हाळ्यात ते सगळं मोडलं.

भागवत आणि शेषराव चुलतभाऊ. शेषराव म्हणजे डिंपलचे वडील. दोघांच्या वावरांना मधला धुरा, म्हणजे बांध, एकच. नांगरताना तो धुरा थोडा सरकला म्हणून एका सकाळी शब्दाला शब्द लागला. भागवतच्या हातात फावडं होतं. रागाच्या भरात त्याने ते शेषरावांच्या डोक्यात घातलं. शेषराव वाचले, देवाची कृपा. पण त्यांचा उजवा हात कामातून गेला आणि जीभ जड झाली. भागवतला पोलिसांनी नेलं. तेव्हापासून तो बुलडाण्याच्या जेलात आहे.

पूनमने लेकीला सांगितलं, बाबा पुण्याले कामाले गेले. आईचं मन, दुसरं काय सांगणार? पण शाळेत एका पोराने विचारलंच, "पुन्याच्या जेलात काय व?" त्या दिवशी प्रतीक्षा घरी न जाता आमच्या ओट्यावर येऊन उभी राहिली. दप्तर पाठीवरच. गीताबाईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. तिने काही विचारलं नाही. गीताबाईंनी काही सांगितलं नाही. मोठ्या माणसांना वाटतं, लेकरू विचारत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही. मी फळीवरून पाहत होतो. ती पाणी पीत नव्हती, नुसती पेल्यात पाहत होती.

पूनम आता दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जायची. शाळा सुटली की प्रतीक्षा आमच्याकडे. श्रावण लागला. गीताबाई महादेवाला बेल वाहत होत्या, तेव्हा लेकरू शेजारी येऊन बसलं.

"आजी, यानं काय होते?"

"मनातलं मागनं महादेव आयकते, बाई."

"मंग मी धरू सोमवार?"

गीताबाईंना भरून आलं. त्यांनी तिच्या कपाळाला भस्म लावलं आणि म्हणाल्या, "धर. मनापासून धर. तुहा बाबा कोजागरीले खिरापत ओळखाले घरी येईन, पाहाजो."

त्या खोटं बोलल्या नाहीत. त्यांचा तसा विश्वासच होता. त्याच सुमारास वकिलाने भागवतच्या जामिनाचा अर्ज लावला होता, आणि गीताबाईंच्या मनात अर्ज आणि सोमवार एकाच माळेत ओवले गेले. माझ्या मालकिणीचं मन असंच आहे. ज्याच्यावर माया, त्याच्यासाठी उपास.

प्रतीक्षाने सोमवार धरले ते मोठ्या बाईसारखे. शाळेतली खिचडी नाकारायची. पोरं म्हणायची, "जेलवालीचा उपास हाय आज." ती ऐकून घ्यायची. संध्याकाळी आमच्याकडे येऊन महादेवापुढे हात जोडायची, डोळे घट्ट मिटून. ओठ हलायचे. काय मागत होती ते सांगायला नको.

शेवटचा सोमवार आला. गीताबाईंनी नैवेद्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळले, मला चिंचेने घासून लख्ख केलं, लाडू माझ्यात भरले आणि देवघरापुढे ठेवलं. मग त्या बेल आणायला गेल्या. तेवढ्यात शाळा सुटून प्रतीक्षा आली. घरात कुणी नव्हतं. ती माझ्यापुढे बसली. बराच वेळ नुसती बसली. मग तिचा छोटा, घामेजलेला हात माझ्या झाकणावर आला. एक लाडू उचलला. दाराआड जाऊन तिने तो दोन घासांत खाल्ला, घाईनं, ठसका लागेपर्यंत. परत येऊन झाकण घट्ट बसवलं आणि फ्रॉकच्या टोकाने मला पुसून काढलं, बोटं दिसू नयेत म्हणून.

गीताबाई आल्या. झाकण काढलं. लाडवांमधली रिकामी जागा त्यांना दिसली. त्यांनी लेकराकडे पाहिलं, गालावर गुळाचा कण होता. त्या मनाशीच हसल्या आणि उरलेल्या लाडवांचा नैवेद्य दाखवला. मला वाटलं, संपलं. गीताबाईंनाही तेच वाटलं.

मग जामीन नामंजूर झाला.

पूनम कोर्टातून आली ती आमच्याच ओट्यावर बसली. पदरात तोंड झाकून म्हणाली, "काकू, नाई म्हटलं जजसायबानं." प्रतीक्षा दारात उभी होती. ती रडली नाही. तिने वळून देवघराच्या फळीकडे पाहिलं, म्हणजे माझ्याकडे. मी पितळेचा आहे, तरी त्या नजरेने मला थंडी वाजली.

त्या दिवसापासून तिने माझ्यातलं काही खाल्लं नाही. गीताबाई वडी पुढे करायच्या, ती मान हलवायची.

जेलातून मोबाइलवर भेट होते, समोरासमोर दिसून. वकिलाने पूनमला नाव नोंदवायला शिकवलं होतं. रेंज आमच्या घरी चांगली येते, म्हणून भेट आमच्याकडेच. भागवतचा चेहरा दिसला की प्रतीक्षा धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायची. पूनम चिडायची. "बाप इचारून राह्यला अन् तू लपून राह्यली. लाज वाटते काय त्याची?" पलीकडून भागवत म्हणायचा, "राहू दे. नोको जबरदस्ती करू तिले." आणि मान खाली घालायचा. त्यालाही वाटायचं, लेकीला आपली लाज वाटते. पूनमला तेच वाटायचं, गीताबाईंनाही तेच.

घरात फक्त मला माहीत होतं की ती बापाला घाबरत नाही, माझ्यातल्या त्या एका लाडवाला घाबरते. बाबा समोर आला आणि नेहमीसारखा म्हणाला, एक कमी वाजते, कोणी खाल्ला? मग ती तळवे कसे दाखवणार? हे मी कुणाला सांगू? डब्याला कुणी हलवलं तरच आवाज.

भादवा आला, भुलाबाई बसल्या. पहिल्याच दिवशी दुपारी मंजुश्री हळदीकुंकवाला आली. मंजुश्री म्हणजे शेषरावांची बायको, डिंपलची आई. कुंकू लावून घेताना ती म्हणाली, "काकू, रागावू नका. तुमच्या भुलाबाईले ते पोट्टी बसते, तं माही डिंपल नाई येनार. माह्या घरी मानूस डाव्या हातानं जेवून राह्यला."

गीताबाईंनी कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तुह्यं खरं हाय, बाई. शेषरावच्या नावानंही दिवा लागते माह्या देवघरात. पन या लेकरानं कोनावर हात उचलला?"

मंजुश्री उठली. ओटी पदरात घेतली आणि गेली. तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या घरातलं दुःख रोज ताटावर बसतं.

डिंपल आली नाही. बाकीच्या पोरी आल्या, पण प्रतीक्षापासून जरा अंतर राखून बसल्या. गाणी झाली. गीताबाईंनी मला उचलून सगळ्यांपुढे हलवलं. आत शेंगदाण्याचे लाडू होते. माझ्या पोटात ते लोळले आणि तोच जुना आवाज आला. गीताबाई कौतुकाने म्हणाल्या, "प्रतीक्षा, तू ओळख. तुहा कान बापाचा हाय."

प्रतीक्षा उठली आणि मागच्या दाराने पळाली.

गीताबाई तिच्यामागे गेल्या. मी त्यांच्या हातातच राहिलो होतो. लेकरू तुळशीच्या ओट्याला टेकून बसलं होतं, गुडघ्यात तोंड घालून. गीताबाई तिथेच मातीत बसल्या.

"काय झालं माय?"

गुडघ्यांतूनच आवाज आला. "मीनं खाल्ला होता."

"काय खाल्लं?"

"लाडू. शेवटच्या सोमवारी. देवाच्या आंधी. म्हनून बाबाले सोडलं नाई."

गीताबाईंचा हात माझ्या झाकणावर होता. तो असा काही दाबला गेला की माझी कड त्यांच्या तळव्यात रुतली. इतकी वर्षं त्यांच्या सोबत आहे मी. सासू गेली, मुलं दूर गेली, तेव्हा रडल्या त्या. पण असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

मग त्यांनी तिचं तोंड वर केलं. "आयक. मले दिसलं होतं, एक लाडू नोहता. अन् मी हासलीच होती. महादेवाले भुकेल्या लेकराचा राग येते काय? राग कोनाचा येईन तं माह्या बोलन्याचा येईन. तुहा बाबा सोमवारानं सुटते, असं तुले सांगाले नोको होतं. ते कोर्टाच्या हातात हाय. मीनं ते तुह्या एवढ्याशा खांद्यावर देल्लं. चूक माही हाय, तुही नाई."

"मंग बाबाले काऊन धरून ठेवलं?"

हा प्रश्न तिने कुणालाच विचारला नव्हता. आज विचारला. गीताबाईंनी खरं तेच सांगितलं. धुऱ्याचं, फावड्याचं, शेषरावकाकाच्या हाताचं.

"म्हनजे बाबा वाईट हाय?"

"त्यानं वाईट केलं. अन् तुह्यावर जीव टाकते. दोन्ही खरं हाय, बाई. दोन्ही धरून चालाचं."

प्रतीक्षाने मग गीताबाईंच्या मांडीत डोकं घातलं आणि पोटभर रडली. घरात पोरी चुळबुळत होत्या, खिरापतीची वाट पाहत. कुणीतरी आतून ओरडलं, "आजी, लाडू हायेत ना? ओळखलं आमी." गीताबाईंनी डोळे पुसत हाक दिली, "हाव माय, लाडूच. थांबा जराशा."

पुढच्या भेटीच्या दिवशी सकाळी दोघींनी मिळून लाडू वळले. प्रतीक्षाचे वेडेवाकडे, गीताबाईंचे गोल. माझ्यात भरताना गीताबाई म्हणाल्या, "एक खा आंधी." ती घुटमळली. मग तिने तो उजेडात, सगळ्यांसमोर, सावकाश खाल्ला. पूनमला आधी काही कळेना. गीताबाईंनी सांगितल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली, आणि मग उठून लेकीच्या केसांना तेल लावायला लागली.

मोबाइल वाजला. भागवतचा चेहरा आला. केस बारीक कापलेले, गाल बसलेले. त्याने सवयीने कोठीकडे नजर टाकली, आणि लेक समोरच बसलेली दिसल्यावर तो पडद्याजवळ वाकला. प्रतीक्षाने मला उचललं, मोबाइलजवळ धरलं आणि हलवलं.

तिकडे भागवतने डोळे मिटले. "पुन्हा हालव."

तिने हलवलं.

"शेंगदान्याचे लाडू," तो म्हणाला. आणि मग जिभेला सवय होती म्हणून, भुवया चढवून, "पन एक कमी वाजते. कोनं खाल्ला व?"

माझ्या कुशीवर प्रतीक्षाची बोटं घट्ट झाली. दर वर्षी ती तळवे दाखवायची. या वेळी तिने हात हलवले नाहीत.

"मीनं खाल्ला, बाबा. भूक लागली होती."

"बरं केलं मंग," भागवत म्हणाला. "भूक लागली का खाजो."

"लाडवानं नाई ना धरलं तुमाले?"

त्याला समजेना. गीताबाईंनी पुढे होऊन एका वाक्यात सांगितलं, सोमवार आणि लाडू. ते ऐकताना त्याने दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मग स्वतःचे तळवे त्याने मोबाइलपुढे उघडे धरले, जसे ती धरायची.

"नाई व माय. या हातानं झालं. तुह्या हातानं नाई. तुहे हात साफ हायेत."

भेटीची वेळ संपली. चित्र तसंच थिजलं, उघड्या तळव्यांसकट, आणि मग गेलं.

कोजागरी आली. भागवत घरी आला नाही. कधी येईल, येईल की नाही, ते मला माहीत नाही, गीताबाईही आता त्याचं वचन कुणाला देत नाहीत. सोमवार त्या धरतातच, पण मागणं बदललंय. पोरीची झोप शांत लागो, शेषरावच्या हातात बळ येवो, एवढंच मागतात.

कोजागरीच्या संध्याकाळी त्यांनी मला प्रतीक्षाच्या हातात दिलं. "या वर्षी शेवटची भुलाबाई तुह्या घरी. डब्बाही तुहाच." ज्वारीच्या धांड्यांचं मखर रामरावांनी स्वतः बांधून दिलं. पोरी थोड्याच आल्या. काहींच्या आया दारातूनच पोरींना घेऊन माघारी वळल्या. गाणीही जरा बारीक आवाजात झाली. मग प्रतीक्षाने मला हलवलं. मी अगदी हलका वाजलो, कुणाला ओळखू येईना. मुरमुरे? शेव? नाही, नाही.

तेवढ्यात पलीकडून, गल्लीच्या त्या बाजूच्या ओसरीवरून एक आवाज आला. "पोह्याचा चिवडा!"

डिंपल होती. हातात टिपऱ्या. प्रतीक्षा वळली तेवढ्यात मंजुश्रीने डिंपलला आत बोलावलं आणि दार लोटलं. पण नुसतं लोटलं. कडी लागल्याचा आवाज मला तरी आला नाही.

बरोबर ओळखलं होतं तिने. रीत अशी की ओळखणाऱ्याचा वाटा पहिला. प्रतीक्षाने सगळ्यांना चिवडा वाटला आणि मूठभर माझ्यात तसाच ठेवून झाकण बसवलं.

आता मी प्रतीक्षाच्या घरच्या फळीवर असतो. पोचा तसाच आहे, चकाकी थोडी गेली आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं. तुमच्याही आळीत असं एखादं घर असेल, ज्याच्यापुढून पोरी गाणं थांबवून जातात. त्यांना सांगा, तिथेही थांबा. आणि त्या घरचं लेकरू डबा पुढे करायला घाबरत असेल, तर दोष कुणाचा ते त्याला नीट सांगा. नाहीतर ते लेकरू नको तो दोष स्वतःच्या हाताने उचलून घेतं.

आता हवं तर मला हलवून पाहा. फार वाजणार नाही. आत मूठभर चिवडाच आहे, आणि तो डिंपलचा आहे.